फ्रॉस्टसाहेबांची तीन स्टेशनं

चार्ल्स समनर फ्रॉस्ट हे नाव तुम्ही बहुधा ऐकलेलं नसेल. इथे मिनेसोटातही शंभरातल्या नव्याण्णवांनी ते ऐकलेलं नसतं. जानेवारीत जिथे पारा उणे पंचवीसपर्यंत उतरतो, त्या राज्यात स्टेशनं बांधणाऱ्या आर्किटेक्टचं आडनाव 'फ्रॉस्ट' असावं, हा योगायोग गमतीचा आहे खरा. पण आजचा विषय तो नाही. विषय असा की या एका माणसाने दोन जुळ्या शहरांत मिळून तीन मोठी स्टेशनं बांधली. १८९९, १९१४ आणि १९२३ साली. आणि तिघांच्या वाट्याला तीन वेगळी नशिबं आली. एक पाडलं गेलं. एकाचं हॉटेल झालं. आणि तिसरं एक्केचाळीस वर्षं बंद राहून पुन्हा स्टेशन झालं.

एकच हात, एकच दर्जा, हवामान तेच, सरकार तेच. मग नशीब वेगळं का? आपल्याकडे सध्या स्टेशनांच्या 'पुनर्विकासा'चा धडाका चालू आहे, त्यामुळे ही गोष्ट तिकडच्या वाचकांना सांगावी असं बरेच दिवस मनात होतं.

आधी थोडा भूगोल. मिसिसिपी नदीच्या काठावर मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही दोन शहरं एकमेकांना चिकटून आहेत. सगळे त्यांना 'ट्विन सिटीज' म्हणतात. मी राहतो ते ईडन प्रेरी हे मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येचं उपनगर. जुळी असली तरी या दोन शहरांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. १८९० च्या जनगणनेत आपली लोकसंख्या जास्त दिसावी म्हणून दोघांनीही खोटी माणसं घुसडली. चौकशी झाली तेव्हा असं निघालं की सेंट पॉलच्या रेल्वे स्टेशनात शेकडो माणसं 'राहतात' अशी सरकारी नोंद होती! शेवटी दोन्ही शहरांची पुन्हा मोजणी करावी लागली. (पुणे-मुंबई वादात अजून एवढी मजल कुणी मारलेली नाही.)

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी की अमेरिकेत 'भारतीय रेल' असा एक प्रकार कधीच नव्हता. रेल्वे कंपन्या खासगी, डझनावारी, आणि एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. आपल्याकडे जीआयपी आणि बीबीसीआय या दोन कंपन्या होत्या म्हणून मुंबईत व्हीटी वेगळं आणि चर्चगेट वेगळं. आजही मध्य आणि पश्चिम असा भेद त्यातूनच राहिला. इथे तसल्या कंपन्या एकेका शहरात आठ-दहा. त्यांच्यासाठी स्टेशन ही फक्त गाडी थांबायची जागा नव्हती, ती कंपनीची दगडातली जाहिरात होती. जिथे कंपन्यांनी समजुतीने एकत्र येऊन सामायिक स्टेशन बांधलं त्याला 'युनियन' स्टेशन म्हणत. कामगारांच्या युनियनचा त्याच्याशी काही संबंध नाही.

फ्रॉस्ट हा मूळचा पूर्वेकडच्या मेन राज्यातला, १८५६ चा जन्म, शिक्षण एमआयटीत, कामधंदा शिकागोत. त्याने आणि त्याचा भागीदार ग्रेंजर याने एकाच घरात सोयरीक केली होती. दोघांचे सासरे एकच, मार्विन ह्युइट, आणि हे ह्युइट म्हणजे शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे अध्यक्ष! तेव्हा फ्रॉस्टला स्टेशनांची कामं कशी मिळत गेली हे मी सांगायला नको. पण काम मात्र त्याने चोख केलं.

पहिलं स्टेशन १८९९ सालचं, मिनियापोलिसमधलं, मिलवॉकी रोड या कंपनीचं. त्याला एक उंच मनोरा होता, तो थेट स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या 'हिराल्दा'वरून घेतलेला. हिराल्दा हा मूळचा मशिदीचा मिनार, नंतर चर्चची घंटा त्यात बसली. आणि त्याची प्रतिकृती अमेरिकेच्या थंडगार उत्तर टोकाला आगगाडीच्या स्टेशनावर! त्या काळी यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. स्टीव्हन्सने व्हीटीला चर्चसारखा घुमट दिलाच होता की. मनोऱ्याचं टोक १९४१ च्या वादळात उडालं, ते आजतागायत नाही. पण माझ्यासारख्या इंजिनिअरला मनोऱ्यापेक्षा मागचं फलाटावरचं छप्पर जास्त आवडतं. लोखंडी कैच्यांचं, जवळजवळ १९० मीटर लांब. अशी लांबलचक छपरं एके काळी अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या स्टेशनावर असत, आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

दुसरं १९१४ सालचं, तेही मिनियापोलिसमध्येच, हेनेपिन अव्हेन्यूवर नदीकाठी. हे ग्रेट नॉर्दर्न कंपनीचं, म्हणजे जेम्स जे. हिल या रेल्वेसम्राटाचं. त्याला लोक 'एम्पायर बिल्डर' म्हणत. या स्टेशनात येणाऱ्या गाड्या हिलनेच १८८३ साली बांधलेल्या स्टोन आर्च ब्रिजवरून, मिसिसिपीवरच्या वळणदार दगडी कमानींवरून, झोकात वळण घेत शहरात शिरत. पुढे दर्शनी भागात खांबांची रांग, आत प्रशस्त दालन.

तिसरं सेंट पॉलचं युनियन डेपो. आधीचं स्टेशन १९१३ साली आगीत गेलं. नव्याचं काम १९१७ ला सुरू झालं, मध्ये पहिलं महायुद्ध आलं, काम रखडलं, आणि इमारत पुरी व्हायला १९२३ उजाडलं. रुळांची कामं तर १९२६ पर्यंत चालली होती. (सरकारी कामं फक्त आपल्याकडेच रखडतात अशी समजूत असलेल्यांसाठी ही खास नोंद. आणि हे तर सरकारी कामही नव्हतं.) नऊ कंपन्यांचं हे सामायिक स्टेशन. समोर भक्कम डोरिक खांब, आत गुलाबी छटेचा टेनेसीचा संगमरवर, आणि वरच्या पट्टीवर वाहतुकीचा इतिहास सांगणारी शिल्पं. दर्शनी इमारतीतून आत गेलं की रुळांच्या वर बांधलेली अतिभव्य वेटिंग रूम लागते. तिच्यातून खाली जिने उतरून फलाटावर जायचं. १९२० च्या दशकात इथे दिवसाला अडीचशेच्या वर गाड्यांची ये-जा होती.

या स्टेशनांचं आकर्षण नेमकं कशात होतं? मला विचाराल तर उंचीत. घरात, ऑफिसात, दुकानात सामान्य माणसाच्या डोक्यावर अडीच-तीन मीटरवर छत असतं. स्टेशनात शिरलं की ते एकदम चौपट-पाचपट वर जातं, आणि त्यासाठी तुम्ही राजे किंवा भाविक असावं लागत नाही. थर्ड क्लासचं तिकीट पुरतं. तिकीट नसलं तरी चालतं. शेतकरी, फेरीवाला, कोटातला व्यापारी, गावाहून नोकरी शोधायला आलेला पोरगा, सगळे एकाच छताखाली. व्हीटीच्या तिकीटघरात मान वर करून पाहिलेल्या कुणालाही मी काय म्हणतो ते कळेल.

स्टेशनांचा सुवर्णकाळ म्हणजे १९३५ चा सुमार. शिकागो ते सेंट पॉल या मार्गावर त्या एकाच वर्षात तीन कंपन्यांनी तीन वेगवान गाड्या सोडल्या. जानेवारीत नॉर्थ वेस्टर्नची '४००' आली. अंतर सुमारे चारशे मैल, वेळ सुमारे चारशे मिनिटं, म्हणून नाव ४००! एप्रिलमध्ये बर्लिंग्टनची चकाकत्या स्टेनलेस स्टीलची डिझेल झेफर, आणि मेच्या शेवटी मिलवॉकी रोडची वाफेवर धावणारी हायवॉथा. साडेसहा तासांत ६६० किलोमीटर. आपली डेक्कन क्वीन त्याआधी पाचच वर्षं, १९३० साली, सुरू झाली होती. जगभरच तेव्हा गाड्यांना वेगाचं वेड लागलं होतं.

आणि मग वीस-पंचवीस वर्षांत हे सगळं कोसळलं. कशामुळे? 'लोकांनी मोटारी घेतल्या' हे नेहमीचं उत्तर खरं आहे, पण अपुरं. माझ्या मते चार-पाच गोष्टी एकामागून एक घडल्या, आणि प्रत्येकीने एकेक पाय काढून घेतला.

पहिली गोष्ट तांत्रिक. १९४६ साली शिकागोजवळ नेपरव्हिल इथे थांबलेल्या गाडीवर मागून दुसरी आदळली आणि ४५ माणसं गेली. त्यानंतर १९४७ साली नियम आला: ताशी ८० मैल किंवा त्याहून जास्त वेगाने गाडी चालवायची असेल तर इंजिनात सिग्नल दाखवणारी किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा हवी. नियम अगदी योग्य. पण यंत्रणा बसवायला पैसे लागतात, आणि ज्या धंद्यात गिऱ्हाईक कमी होत चाललंय त्यात पैसे कोण घालणार? बहुतेक कंपन्यांनी सरळ वेगच ७९ मैलांवर आणून ठेवला. आजही अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रवासी गाड्यांची कमाल मर्यादा हीच आहे. ताशी १२७ किलोमीटर.

दुसरी गोष्ट ट्रामची. १९५४ साली ट्विन सिटीजमधली शेवटची ट्राम बंद झाली. म्हणजे स्टेशनापर्यंत पोचवणारी वाहनव्यवस्थाच गेली. दादर स्टेशनात येणारी बेस्ट आणि लोकल काढून टाका आणि मग किती माणसं तिथे चालत येतात ते बघा.

तिसरी, १९५६ चा महामार्ग कायदा. केंद्र सरकारच्या पैशाने ४१,००० मैलांचे रुंद, सिग्नल नसलेले रस्ते. कंपन्यांनी आपले रूळ स्वतः बांधायचे, स्वतः राखायचे आणि वर त्यावर करही भरायचा. मोटारीला मात्र रस्ता सरकार बांधून देणार. ही शर्यत कोण जिंकणार हे सांगायला डॉक्टरेट लागत नाही. त्याच सुमारास जेट विमानं आली आणि लांबच्या प्रवासाचं गिऱ्हाईकही गेलं.

शेवटचा घाव टपालाचा. हा फारसा कुणाला ठाऊक नसतो. गाड्यांना टपालाचे डबे जोडलेले असत, त्यात चालत्या गाडीत पत्रांची वर्गवारी होई, आणि त्याचे पैसे टपालखातं रेल्वेला देई. प्रवासी कमी झाल्यावरही कित्येक गाड्या केवळ या पैशावर धावत होत्या. १९६७ साली टपालखात्याने यातली बहुतेक कंत्राटं रद्द केली. प्रवाशांसाठी चालणाऱ्या गाड्या प्रत्यक्षात पत्रांच्या जिवावर चालल्या होत्या, हे पत्रं गेल्यावर कळलं.

१९७१ च्या मे महिन्यात सरकारने उरल्यासुरल्या प्रवासी गाड्या 'अ‍ॅमट्रॅक' या नव्या संस्थेकडे घेतल्या. अ‍ॅमट्रॅकने हिशेब केला: गाड्या मूठभर, स्टेशनं तीन. त्यांनी फक्त ग्रेट नॉर्दर्नचं स्टेशन ठेवलं. मिलवॉकी रोडचं आणि सेंट पॉलचं युनियन डेपो, दोन्हींतून शेवटच्या प्रवासी गाड्या गेल्या.

आता गंमत बघा. तिघांपैकी ज्याला गाड्या मिळाल्या ते ग्रेट नॉर्दर्न वाचायला हवं होतं ना? तेच पाडलं गेलं! दिवसाकाठी दोन-चार गाड्यांसाठी एवढं अवाढव्य दालन मिनेसोटाच्या हिवाळ्यात गरम ठेवायचं, छपराची डागडुजी करायची, हे जमेना. १९७८ च्या मार्चमध्ये अ‍ॅमट्रॅकने दोन्ही शहरांच्या मधोमध 'मिडवे' नावाचं साधं, बसकं स्टेशन बांधून तिकडे मुक्काम हलवला. त्याच वर्षी फ्रॉस्टचं १९१४ चं स्टेशन जमीनदोस्त झालं. आज त्या जागेवर फेडरल रिझर्व्ह बँकेची इमारत आहे.

१९७८ हे वर्ष या गोष्टीत वारंवार येतं. त्याच वर्षी स्टोन आर्च ब्रिजवरून गाड्या जायच्या थांबल्या. त्याच वर्षी मिलवॉकी रोडचं स्टेशन राष्ट्रीय वारसा-यादीत आलं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनाचा खटला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून जुनं पेन स्टेशन पाडलं गेलं होतं, त्यावरून एवढा गहजब झाला की १९६५ साली शहराने वारसा-इमारतींचा कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रलच्या मालक कंपनीला त्याच्या डोक्यावर उंच टॉवर बांधायचा होता. शहराने नकार दिला, कंपनी कोर्टात गेली, जॅकलीन केनेडी-ओनासिससारखी माणसं स्टेशनाच्या बाजूने रस्त्यावर उतरली, आणि शहर जिंकलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने 'इमारत जपायला सांगणं म्हणजे मालकाची लूट नव्हे' असं म्हटलं त्याच वर्षी मिनियापोलिसमध्ये बुलडोझर चालत होता.

मिलवॉकी रोडचं स्टेशन मात्र उभं राहिलं. बरीच वर्षं रिकामं पडून होतं. २००१ साली तिथे हॉटेल झालं आणि त्या सुंदर लोखंडी छपराखाली बर्फावर स्केटिंग करायची रिंक आली. इमारत वाचली, मनोरा वाचला, छप्पर वाचलं. पाहुण्यांना आणलं की मी हे आवर्जून दाखवतो. पण खरं सांगू? तिथे उभं राहिलं की पेंढा भरलेला वाघ पाहिल्यासारखं वाटतं. पट्टे तेच, मिशा त्याच, पण डोळे काचेचे.

आणि मग युनियन डेपो. दर्शनी इमारतीत रेस्टॉरंटं आली, पुढे वरच्या मजल्यांवर राहायचे फ्लॅट झाले. मागची भव्य वेटिंग रूम टपालखात्याकडे गोदाम म्हणून गेली. ज्या टपालखात्याने १९६७ साली गाड्यांचा दाणापाणी तोडला त्याच्याच हातात शेवटी स्टेशन आलं, हा न्याय म्हणायचा की अन्याय, तुम्हीच ठरवा. जिथे फलाट होते तिथे टपालाचे ट्रक उभे राहू लागले.

सेंट पॉल ज्या रॅम्सी काउंटीत येतं, त्या काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ही वास्तू परत मिळवायचा चंग बांधला. त्यासाठी केंद्राचे, राज्याचे आणि स्थानिक पैसे मिळून २४ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले. संगमरवर धुतला, छतातल्या झाकलेल्या काचा उघडल्या आणि दालनात पुन्हा उजेड आला. डिसेंबर २०१२ मध्ये दारं उघडली. पण दारं उघडली तेव्हा आगगाडी नव्हतीच! अ‍ॅमट्रॅकची एम्पायर बिल्डर, शिकागोहून पॅसिफिक किनाऱ्याला जाणारी, हिलच्याच नावाची गाडी, इथे मे २०१४ मध्ये आली. जूनमध्ये दारासमोर मिनियापोलिसला जाणारी लाइट रेल, म्हणजे आजच्या काळातली ट्राम, सुरू झाली.

पुढची दहा वर्षं त्या दालनात दिवसाला दोन गाड्या. एक जाणारी, एक येणारी. पश्चिमेकडची तर रात्री उशिरा. आई-बाबा इथे आले होते तेव्हा मी त्यांना मोठ्या अभिमानाने युनियन डेपो दाखवायला घेऊन गेलो. आमचे बाबा भुसावळचे, म्हणजे झोपेत गाडीच्या शिट्टीवरून नंबर सांगणारे. ते त्या चकचकीत फरशीवरून टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि म्हणाले, "एवढी मोठी वेटिंग रूम, आणि वेटिंग करणारं कुणीच नाही?" आईने मात्र बाकावर बसून डबा उघडला होता. "निदान जागेसाठी भांडावं तरी लागत नाही," ती म्हणाली.

बाबांचा प्रश्न इथले करदातेही विचारत होते. दोन गाड्यांसाठी पाव अब्ज डॉलर? हिशेब मांडला तर तोंड बंद करणारं उत्तर नाही. पण मला वाटतं, उत्तराचे दोन भाग आहेत.

एक म्हणजे दालन नुसतं गाड्यांसाठी उघडं नाही. लांब पल्ल्याच्या बस तिथून सुटतात, शहराच्या बस तिथे येतात, ख्रिसमसच्या आधी बाजार भरतो. बाहेर उणे वीस असताना पैसे न देता बसता येईल अशा उबदार सार्वजनिक जागा या देशात फार थोड्या आहेत. मॉलमध्ये तुम्ही गिऱ्हाईक असता. स्टेशनात नुसते माणूस असता.

दुसरं म्हणजे, मे २०२४ मध्ये सेंट पॉल ते शिकागो अशी 'बोरिआलिस' नावाची नवी गाडी सुरू झाली. रोज एक जाणारी, एक येणारी. पहिल्या वर्षातच दोन लाखांहून जास्त लोकांनी तिने प्रवास केला. स्टेशन उभं नसतं, तर ही गाडी मिडवेच्या बसक्या खोलीतून सुटली असती. किंवा सुटलीच नसती. इमारत आधी आली आणि गाडी नंतर. असं क्वचितच घडतं.

मी तिने शिकागोला गेलोय. ईडन प्रेरीहून बसने मिनियापोलिस, तिथून लाइट रेलने सेंट पॉल, आणि मग गाडी. मोटारीने गेलो असतो तर निघाल्यापासून पोचेपर्यंत वेळ कमीच लागला असता, हे कबूल. बोरिआलिस शिकागोला पोचते साधारण साडेसात तासांत, म्हणजे साडेचारशे मिनिटं. नव्वद वर्षांपूर्वी '४००' हे गाडीचं नाव होतं! वाफेचं इंजिन जे करत होतं ते आज होत नाही, ही गोष्ट इंजिनिअर म्हणून पचवायला जड जाते. संगमरवर परत मिळवता येतो. हरवलेली पन्नास-साठ मिनिटं परत मिळवायला रूळ, सिग्नल आणि पुढच्या मालगाडीची परवानगी लागते, आणि त्याचं फीत कापून उद्घाटन करता येत नाही.

वाटेत मिलवॉकी शहर लागतं. तिथलं स्टेशन १९६५ चं. आधीचं घड्याळाच्या मनोऱ्याचं देखणं १८८६ चं स्टेशन होतं, ते जाऊन हा काँक्रीटचा ठोकळा आला. साठच्या दशकातल्या सरकारी इमारती आठवा, तसाच. कुणीही त्याच्यावर कविता केली नसती. पण मिलवॉकी-शिकागो दरम्यान दिवसाला अनेक गाड्या धावत राहिल्या, स्टेशनात माणसं येत राहिली, आणि २००७ मध्ये त्याच ठोकळ्याला पुढून काचेचं उंच दालन जोडून त्याचं रूप पालटलं. आता उन्हात ते झकास दिसतं. म्हणजे बघा: हिराल्दाचा मनोरा असलेलं हॉटेल झालं, खांबांची रांग असलेलं पाडलं गेलं, आणि रूप नसलेला ठोकळा मात्र स्टेशन म्हणून एक दिवसही न मरता सुधारला.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. स्टेशन टिकतं ते दगडाने नाही, वेळापत्रकाने. गाडी असेल तर कुरूप इमारतीचंही भलं होतं. गाडी गेली की सुंदर इमारतीला कुणाच्या तरी दयेवर जगावं लागतं. आणि गाड्या नुसत्या 'आहेत' म्हणण्यापुरत्या उरल्या, तर ग्रेट नॉर्दर्नचं जे झालं ते होतं.

आता आपल्याकडे या. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी नॅरो गेज 'शकुंतला' होती. विलायती कंपनीच्या मालकीची लाइन, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. आता त्या मार्गावर गाडी नाही, आणि वाटेवरची चिमुकली स्टेशनं ओस पडली आहेत. त्याच मूर्तिजापूरचं ब्रॉड गेजचं स्टेशन मात्र 'अमृत भारत' योजनेत नवं झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये या योजनेखाली ५०८ स्टेशनांची पायाभरणी झाली, आणि मे २०२५ मध्ये देशातल्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं त्यात महाराष्ट्रातली १५ होती. देवळाली, लासलगाव, धुळे वगैरे. एकाच गावात दोन स्टेशनं, एकाला नवं रूप आणि दुसऱ्याला गवत. फरक एकच: एकावर गाड्या थांबतात.

अमेरिकेला जे पैसे ओतूनही मिळत नाही ते आपल्याकडे ओसंडून वाहतंय, ते म्हणजे प्रवासी. आपल्या स्टेशनांचा प्रश्न त्यामुळे बरोबर उलटा आहे. इथे दालन आहे, माणसं नाहीत. तिथे माणसं आहेत, उभं राहायला जागा नाही. तेव्हा नवे पूल, सरकते जिने, रुंद फलाट हवेतच. त्याला विरोध करणाऱ्याने सकाळी साडेआठला दादरच्या पुलावर उभं राहून दाखवावं. पण 'विमानतळासारखं स्टेशन' असं कुणी कौतुकाने म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. विमानतळाला माणूस दोन तास अडकवून ठेवायचा असतो, म्हणून तिथे दुकानं. स्टेशनाला माणूस लवकरात लवकर गाडीत बसवायचा असतो. आणि बसवेपर्यंत त्याला फुकट टेकायला बाकडं, प्यायला पाणी आणि लांबून दिसणारं घड्याळ द्यायचं असतं.

जुनं आणि जिवंत एकत्र नांदू शकतं याचं उदाहरण शोधायला सेंट पॉलला यायची गरज नाही. भायखळ्याला जा. १८५३ साली पहिली गाडी ज्या मार्गावरून गेली त्या मार्गावरचं हे स्टेशन. एकोणिसाव्या शतकातली त्याची इमारत, नंतर चढवलेले थर आणि रंग खरवडून, २०२२ पर्यंत मूळ रूपात आणली गेली. आभा लांबा या वास्तुविशारदांचं काम. त्याच वर्षी तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. हॉटेल झालं नाही, म्युझियम झालं नाही, लोकल थांबतातच आहेत. युनियन डेपोला जे पुन्हा व्हायचंय ते भायखळा कधी व्हायचं थांबलंच नव्हतं.

ईडन प्रेरीत माझ्या घरापासून जवळच एक सायकलचा रस्ता आहे. मिनियापोलिस अँड सेंट लुईस कंपनीची ही जुनी रेल्वेलाइन. रूळ गेले, पण नव्वदच्या सुमारास काउंटीच्या रेल्वे प्राधिकरणाने ती पट्टी विकत घेऊन ठेवली, 'पुढेमागे लागेल' म्हणून. स्टोन आर्च ब्रिजचंही तसंच, १९९४ पासून त्यावरून लोक चालतात, सायकली चालवतात. आता मिनियापोलिसहून ईडन प्रेरीपर्यंत लाइट रेल बांधली जातेय. बजेट जवळजवळ तीन अब्ज डॉलरवर गेलंय, उद्घाटन बऱ्याच वेळा पुढे ढकललंय, आणि ठरलेलं साल आहे २०२७. नव्या स्टेशनांवर ना डोरिक खांब, ना हिराल्दाचा मनोरा. एक छप्पर, काचेचा आडोसा, तिकिटाचं यंत्र. फ्रॉस्टसाहेबांनी नाक मुरडलं असतं.

मुरडू देत. गाड्या नेमाने येत राहिल्या तर पन्नास वर्षांनी त्या काचेच्या आडोशाचंही कुणीतरी कौतुकाने जतन करेल.